खरी अळणी

“कोण मेलंय गं घरात?”

आत्यानं भाताचं एक शीत जिभेवर ठेवलं, बाजूला थुंकलं आणि मला हे विचारलं. आत्या म्हणजे माझी सासू, गिरजाबाई. आमच्यात बिनमिठाचं शिजतं ते फक्त सुतकात. आणि मी धडधाकट माणसांच्या घरात, सकाळच्या पारी, बिनमिठाचा भात रांधून ठेवला होता.

“अजून कुणी मेलं न्हाई,” मी म्हटलं. “मरू नये म्हणून शिजवलाय. फौजदारचा हाय.”

“कुत्र्याचा? येगळा? येगळ्या पातेल्यात?”

“व्हय.”

“अगं, खाल्ल्या मिठाला जागणारं जनावर ते. त्याचंच मीठ तोडलंस? उद्या चोर आला तर भुंकंल का?”

“जिता राहिला तर भुंकंल.”

तिनं पातेलं चुलीवरनं उतरवून खाली आदळलं. मी उचलून परत चुलीवर ठेवलं. तिनं परत उतरवलं. मी परत ठेवलं, आणि या वेळी हातात उलथनं घेऊन तिथंच उभी राहिले. आत्या पाय ओढत ओसरीवर गेली. तिचे पाय तेव्हा सुजलेले असायचे. वात आहे म्हणायची. चपलेची मागची पट्टी कापून टाकली होती तिनं.

टेंभुर्णीच्या अलीकडं फाट्यावर आमची मटणाची खानावळ होती. पुढं खानावळ, मागं घर. फौजदार खानावळीच्या दारात बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पायापासून डोक्यापर्यंत असा न्याहाळायचा की माणसाला आपोआप आपला गुन्हा आठवावा. म्हणून फौजदार. माझ्या सासऱ्यानं मरायच्या आधी जेजुरीहून येताना धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेलं ते पिल्लू. भावकीच्या लेखी ते खंडोबाचं कुत्रं. त्याला हाडाची कमी कधी पडली नाही. गिऱ्हाईक जेवायला बसलं की पहिलं हाड त्याला टाकायचं, दुसरं स्वतः चोखायचं, अशी रीतच पडली होती.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि फौजदार सुकायला लागला. बरगड्या दिसायला लागल्या. हौदावर तोंड लावून नुसतं पाणी पीत राहायचा, आणि प्यालेलं दारातच ओकायचा. तोंडाला घाण वास. शेवटी माझा नवरा त्याला टेम्पोत घालून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. नवऱ्याचं नाव भारत. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते.

“किडनी गेलीय म्हणाले डॉक्टर,” भारत येऊन म्हणाला. “रक्त काढलं. बरी व्हायची न्हाई, पण सांभाळलं तर दीस निघतील.”

“सांभाळायचं म्हणजे काय?”

“व्यालेल्या गायीची वार अडकली होती तिकडं, त्या गडबडीत होते ते. म्हणाले, तिखट-बिखट काय नको. अळणी द्या.” आणि हसला. “आता आपल्याकडं अळणीचा काय दुष्काळ हाय का?”

नव्हताच. मटण खाणाऱ्याला अळणी काय असते ते सांगायला नको. हळद, मीठ, आलं-लसूण आणि थोडा कांदा घालून मटण शिजवायला टाकायचं. मसाला पडायच्या आधी वर जो पिवळा, तेलाच्या डोळ्यांचा रस्सा सुटतो, ती अळणी. बाळंतिणीला द्यायची, पैलवानाला द्यायची, म्हाताऱ्याला द्यायची. आमची आत्या, जिला ठेच्याशिवाय घास उतरत नव्हता, ती वर्षभर रोज दुपारी वाटीभर अळणी प्यायची. नाक मुरडत, एका घोटात, औषध घेतल्यासारखी. विचारलं तर म्हणायची, “बरी असती.”

मग फौजदारला सकाळी एक पळी, संध्याकाळी एक पळी. पहिले चार दिवस लपालपा प्यायला. आम्ही खूश. भारत गिऱ्हाइकांना सांगायचा, “पथ्यावर हाय साहेब.” आठवडा उलटला आणि फौजदार उठेना. जिभेच्या कडेला फोड आले. अळणीचं भांडं पुढं केलं तर मान फिरवायला लागला.

या खेपेला मी गेले. डॉक्टर सरवदे म्हणजे उंच, थकलेला माणूस. फौजदारच्या हिरड्या बघून म्हणाले, “काय देताय याला?”

“तुम्ही सांगितली ती. अळणी.”

“कशी करता?”

मी सांगितली. हळदीपासून कांद्यापर्यंत. मटण जास्त करून नळीचं घेते, रस दाट सुटतो, हेही वर अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी हातातलं टेबलावर ठेवलं.

“आणि याला तुम्ही अळणी म्हणता?”

“मी एकटी न्हाई. सगळा जिल्हा म्हणतो.”

“बाई, अळणी म्हणजे अ-लवणी. लवण म्हणजे मीठ. मीठ नसलेलं ते अळणी. किडनी गेलेल्या कुत्र्याला तुम्ही दोन वेळ हाडाचा अर्क, मीठ आणि कांदा पाजताय. कांदा तर धडधाकट कुत्र्यालाही विष.”

“मग हे पहिल्यांदा का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं की. अळणी द्या म्हणून.”

“आम्ही मटणवाले हाय, ठाऊक होतं ना तुम्हाला?”

डॉक्टर कागदावर काहीतरी खरडायला लागले. मी गप्प बसणार नव्हते, पण फौजदार माझ्या पायावर डोकं ठेवून पडला होता. म्हटलं, आता नीट सांगा. मला काही कळत नाही असं समजून सांगा. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं. मऊ भात, उकडलेला लाल भोपळा किंवा दुधी, उकडलेल्या अंड्यातलं फक्त पांढरं, चमचाभर तेल. हाड नाही, रस्सा नाही, मीठ नाही, कांदा-लसूण नाही. पिवळा बलक नाही. पाणी मागेल तेवढं. आणि खाणार नाही हो तो, म्हणाले, त्याला मळमळत असतं. थोडं थोडं, कोमट करून, हातानं भरवावं लागेल.

तर ते हे पातेलं.

घरात वेगळं पातेलं म्हणजे काय असतं, ते ज्या बाईनं ठेवून बघितलंय तिलाच माहीत. भारत म्हणाला, “खानावळीच्या मालकाचं कुत्रं भोपळा खातं, लोक हसत्याल.” मी म्हटलं, हसू देत, दात तरी दिसतील. गिऱ्हाइकं हाडं टाकायची ती टाकायचीच. एकदा एका ट्रकवाल्यानं टाकलेली नळी मी फौजदारच्या तोंडातनं काढली आणि त्याच्याच ताटात परत ठेवली. मग खडू घेऊन दारावर लिहिलं: कुत्र्याला हाड टाकणाऱ्याचं ताट उचललं जाईल. दोघांचं उचललं. तिसऱ्याची वेळ आली नाही.

खुद्द फौजदार काही माझ्या बाजूचा नव्हता. मी भाताचा गोळा पुढं केला की तो माझ्याकडं असा बघायचा, जशी मीच आरोपी. मग मटणाच्या डेगीकडं बघायचा. मग डोळे मिटायचा. मी गोळा त्याच्या ओठाला लावायची, तो चाटून टाकायचा, चाटता चाटता अर्धा पोटात जायचा. एका वाटीला दुपार व्हायची.

अशात एक दिवस दगडूतात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतले मोठे. चंपाषष्ठीला, आमच्याकडं नुसतं सट म्हणतात, आमच्या भावकीचा एक रिवाज आहे. देवापुढं वांग्याचं भरीत आणि रोडगा ठेवायचा, भंडारा-खोबऱ्याचं ताम्हण उचलून तळी भरायची, आणि तो रोडगा कुत्र्याला घालायचा. कुत्र्यानं रोडगा उचलला की पंगत बसते. नाही उचलला तर भावकी उपाशी उठते आणि वर्ष वाईट जातं. कुत्रं पुढं करायचा मान आमच्या घरचा, सासऱ्यापासनं फौजदारचा.

तात्यांनी पातेलं बघितलं, दारावरचा खडू वाचला.

“सटीला काय करणार मग?”

“कांदा घातलेलं भरीत त्याला घालणार न्हाई तात्या.”

“देवाचं कुत्रं ते. देवाच्या कुत्र्याला पथ्य कसलं?”

“किडनी देवाची न्हाई, त्याची हाय.”

“भारत,” तात्या मला ओलांडून बोलले, “तुझी बायको लय शिकली बघ. सटीला कुत्रं पुढं आलं न्हाई, का त्यानं रोडगा उचलला न्हाई, तर मान आम्ही धाकट्या घराला देणार. तुझ्या बापाचा मान बाईच्या भोपळ्यापायी घालवू नको.”

भारतनं मान खाली घातली. आत्या ओसरीवर पाय पसरून बसली होती. मला वाटलं, मनातनं तात्यांचीच बाजू घेत असेल.

त्याच दिवसांत पातेल्यातला भात कमी व्हायला लागला. सकाळी शिगोशीग भरलेलं पातेलं दुपारी निम्मं. फौजदारनं तर चार गोळे खाल्लेले. मी भारतला विचारलं, कोंबड्यांना टाकता का? तो म्हणाला, तुझा भात कोंबडीबी खायची न्हाई. मला पक्कं वाटलं की आत्याच ओतून देते. मागच्या उकिरड्यावर जाऊन बघितलं. काही नव्हतं. तरी मनात म्हटलं, सापडू दे एकदा.

सटीच्या आदल्या दिवशी मी भोपळा आणायला रस्त्यापलीकडं गेले आणि पैसे विसरले म्हणून लगेच परत फिरले. मागच्या दारानं आत आले.

आत्या चुलीमागं भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढ्यात फौजदारचं पातेलं. तिनं भाताचा घास केला, स्वतःच्या तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा घास केला आणि पुढं धरला. फौजदारनं तिच्या हातातनं तो अलगद उचलला आणि खाल्ला. चाटला नाही, खाल्ला. परत एक तिला. परत एक त्याला.

“आत्या?”

ती दचकली. पातेलं पदराआड घ्यायला बघितलं. पदरात कुठं मावतंय पातेलं.

“ओतून देता असं वाटलं मला.”

“आन्न ओतून दीन मी?” ती चिडली. “मला काय समजलीस गं?”

“मग हे काय?”

बोटाला लागलेलं शीत तिनं फौजदारला चाटवलं.

“मलाबी हेच सांगितलं हुतं,” म्हणाली. “गेल्या साली. पाय सुजले म्हणून दवाखान्यात गेले न्हवते का, तवा. त्यानं वरबी बघितलं न्हाई. म्हणला, आजी, बीपी वाढलंय, अळणी खात जा.”

मी खाली बसले.

“मग?”

“मग खाल्ली की. रोज वाटीभर. तूच तर देत हुतीस.”

मीच देत होते. वरनं जास्तीची पळी घालून, म्हाताऱ्या जिवाला ताकद येऊ दे म्हणून.

“तू परवा भारतला सांगत हुतीस न्हाई का, डॉक्टर असं म्हणला, अळणी म्हंजी मीठ न्हाई ते. तवा मी आयकलं. म्हटलं, आता गं बया.” ती हसली, पण हसू लगेच गेलं. “मग बघितलं खाऊन. ह्यो बी खातो माझ्याबरोबर. एकट्याला ग्वाड लागत न्हाई त्याला. मलाबी.”

“मला सांगायचं की, आत्या!”

“काय सांगू? कुत्र्याचं पातेलं येगळं ठिवलंस तर मीच घर डोक्यावर घेतलं. कोण मेलंय म्हणले. माझ्यासाठी येगळं पातेलं कोण ठिवणार हुतं? उभ्या जन्मात ठिवलं का कुणी? मीच रांधलं सगळ्यांना. ज्याला जसं लागंल तसं.”

मला त्या वेळी असा संताप आला की आत्याच्या कुशीत शिरून रडण्याचं वगैरे काही सुचलं नाही. वर न बघणाऱ्या त्या दवाखान्यातल्याचा, गायीची वार अडकली म्हणून एका शब्दात पथ्य उरकणाऱ्याचा, तात्यांचा, आणि तिच्या सुजलेल्या पायांना वर्षभर वात म्हणत बसलेल्या आम्हा सगळ्यांचा. मी उठले, फळीवरनं मोठं पातेलं काढलं आणि चुलीवर असं ठेवलं की भारत पुढच्या दारातनं ओरडला, “काय पडलं?”

“काय न्हाई,” मी म्हटलं. “वाढलं.”

सटीच्या दिवशी खानावळ बंद. बाकडी हलवून भावकी ओसरीवर जमली. देव पाटावर, भंडारा, खोबरं, तळीचं ताम्हण. तात्यांनी आपल्या घरनं रोडगा आणला होता. वर वांग्याचं भरीत, भरपूर कांद्याची पात, मीठ, मिरची. वास दारापर्यंत.

“कुत्रं आणा,” तात्या म्हणाले.

फौजदार माझ्या पायाशी होता. मी हलले नाही.

“सुनबाई, कुत्रं.”

“हे भरीत असंल तर न्हाई.”

“भारत!”

भारत माझ्याकडं बघत राहिला, मग देवाकडं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कधी कुणी दोन बाजूंतली एक निवडायला लावली नव्हती, एवढंच. कुजबूज सुरू झाली. धाकट्या घरातला एक जण आपलं कुत्रं आणायला उठलासुद्धा.

तेवढ्यात आतनं आत्या आली. हातात ताट. ताटात तांदळाच्या पिठाचा पांढरा रोडगा आणि त्यावर पिवळाधमक गोळा.

“वैनी, तू मागं राहा,” तात्या म्हणाले. “तुझं काम न्हाई हे.” आत्या विधवा. तळीला विधवेनं पुढं यायचं नसतं.

आत्या पुढं आली आणि ताट पाटापुढं ठेवलं. तात्यांनी वाकून वास घेतला.

“हे कसलं भरीत?”

“भोपळ्याचं.”

“देवाला भोपळा दावतीस?” मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“दगडू,” आत्या म्हणाली, “तू भावकीत मोठा. मला एक सांग. निवदाच्या ताटात आपण मीठ वाढतो का?”

“न्हाई.”

“का न्हाई?”

“का म्हंजी? वाढत न्हाईत. तुझ्या सासूनं वाढलं न्हाई, माझ्या आईनं वाढलं न्हाई.”

“मग देवाला अळणी चालतं. आन् देवाच्या कुत्र्याला न्हाई चालत?”

तात्यांनी पाटावरच्या देवाकडं बघितलं. मग म्हणाले, “बरं. चालतं तर चालतं. पर त्यानं उचललं पायजे. आजारी कुत्रं ते, भोपळ्याला तोंड लावंल का? न्हाई लावलं तर मान गेला. मंजूर?”

“मंजूर,” आत्या म्हणाली. सकाळपासनं फौजदारनं माझ्या हातचं काही घेतलं नव्हतं.

तळी उचलली. भंडारा उधळला. आत्या ताट घेऊन फौजदारपुढं बसली, गुडघ्याला हात लावत, कण्हत. रोडगा त्याच्या पुढं धरला. त्यानं वास घेतला. मान फिरवली.

“बघा,” तात्या म्हणाले.

आत्यानं रोडग्याचा तुकडा मोडला, भोपळा लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

सगळी भावकी एकदम ओरडली. कुत्र्याच्या आधी माणसानं! तेही बाईनं! “वैनी, डोकं फिरलं काय!” आत्या कुणाकडं बघत नव्हती. ती फौजदारकडं बघत शांतपणे चावत होती. गिळलं. मग उरलेला रोडगा पुढं केला.

फौजदार उठला. लटपटत एक पाऊल पुढं आला आणि तिच्या हातातनं अख्खा रोडगा उचलला.

मग भारत, मान खाली घालणारा माझा नवरा, घशाच्या शिरा ताणून ओरडला, “येळकोट येळकोट!” आणि सवयीनं सगळी भावकी बोलून गेली, “जय मल्हार!” तात्याही. ओठ हलले तेव्हा त्यांना कळलं असणार, पण तोवर उशीर झाला होता.

पंगत बसली. तात्यांनी जाताना मला एवढंच म्हटलं, “लय माजलाय दोघी.” मी म्हटलं, “तिघं, तात्या.”

फौजदार पुढचा उन्हाळा काढून गेला. हौदाजवळ गेला, झोपेत. पुरून आल्यावर आत्या हात धूत म्हणाली, “मीठ न खाताबी जागला गं.” तिचे पाय तोवर उतरले होते. नव्या चपलेची मागची पट्टी शाबूत होती. डॉक्टरकडं तिला मीच नेत होते, आणि प्रत्येक वेळी आधी विचारत होते, तुम्ही जे म्हणताय ते नीट सांगा, आमच्याकडं त्या शब्दाचा अर्थ वेगळा असू शकतो. तो चिडायचा. चिडू दे.

आत्या जाऊन आता काही वर्षं झाली. मोठं पातेलं चुलीवर आहे. खानावळीच्या फळ्यावर मटण थाळीच्या खाली दोन ओळी आहेत. अळणी. आणि त्याखाली, खरी अळणी. नवं गिऱ्हाईक विचारतं, “खरी म्हणजे काय हो?”

मी सांगते, “आमचं कुत्रं आणि आमची सासू खायची ती.”

काही जण उठून जातात. बाकीचे मागवतात.